नव्या गायकासोबत टेक्निकल डेथ मेटल अल्बम: गावातल्या खोलीत आवाज कसा रेकॉर्ड करायचा

टेक्निकल डेथ मेटल म्हणजे अतिवेगवान, अवघड मापांचं आणि घशातून गुरगुरत म्हटलेलं मेटल संगीत. ड्रम, गिटार, बास सगळं रेकॉर्ड झालेलं असतं आणि ऐनवेळी बँडचा गायक बदलतो. मग जुन्या गायकासाठी बसवलेल्या ओळी नव्याच्या हाती देऊन 'तसंच म्हण' असं सांगितलं जातं. दोन दिवसांत नऊ गाणी उरकायचा हिशेब असतो. चौथ्या गाण्याला घसा बसतो, आणि पाचव्यापासून पुढचा सगळा अल्बम वेगळ्याच माणसाने म्हटल्यासारखा ऐकू येतो.

मोठ्या बँडांनी हे कसं केलं ते पाहा. कॅनिबल कॉर्प्सने १९९६ च्या 'व्हाईल'साठी जॉर्ज फिशरला घेतलं, तेव्हा आधीचा गायक ख्रिस बार्न्स याच्या खोल, घोगऱ्या आवाजाची नक्कल त्याला करायला लावली नाही. फिशरचे उच्चार स्पष्ट होते, वेगही जास्त होता, आणि तो वेग त्या गाण्यांत दिसतो. क्रिप्टॉप्सीने १९९८ च्या 'व्हिस्पर सुप्रीमसी'त लॉर्ड वर्मच्या जागी माईक डिसाल्व्होला आणलं. एकाचे शब्द ओळखूही येत नसत, दुसरा एकेक शब्द भुंकल्यासारखा फेकायचा. पहिल्याची नक्कल दुसऱ्याने केली असती तर दोघांचंही उरलं नसतं. म्हणून आधी गळा मोजायचा, त्या मापाने ओळी कापायच्या, आणि माईक त्यानंतर उघडायचा.

गळा मोजणे

यासाठी साधा मोबाईल पुरतो. तीन दिवस, रोज सकाळी एकाच वेळी, चार गोष्टी नोंदवा. खर्जातला 'ओ' मध्यम जोरात धरून किती सेकंद स्थिर राहतो. आठ सेकंद टिकला तर दमसास चांगला आहे, पाचच्या आत तुटला तर लांब ओळी वाटून घ्याव्या लागतील. दुसरं, मधल्या पट्टीतला 'आ'. तिसरं, वरचा, चिरकणारा 'ए' किंवा 'ई'. चौथी नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे: अल्बममधलीच एक ओळ मेट्रोनोमवर १८० च्या (मिनिटाला १८० ठोके) वेगापासून म्हणवून घ्या आणि दर वेळी ५ ने वेग वाढवा. ज्या आकड्याला व्यंजनं पुसली जाऊन नुसती गुरगुर उरते, त्याच्या १० खालचा आकडा कागदावर लिहा.

आता हिशेब करा. २४० च्या वेगाला एक ठोका पाव सेकंदाचा. ठोक्याला दोन अक्षरं म्हणजे सेकंदाला आठ. गायक २०० लाच स्वच्छ असेल तर तो सेकंदाला साडेसहा अक्षरांच्या आसपास म्हणतो. गाण्याचा वेग कमी करायचा नाही, कारण ड्रम रेकॉर्ड झालेले आहेत. अक्षरं कमी करा. जड शब्द ठोक्यावर ठेवा आणि मधली भरताड काढून टाका. ऐकणाऱ्याला वेग ड्रम आणि गिटारमधून कळतोच.

ग्रोल, म्हणजे डेथ मेटलमधला गुरगुरता आवाज, हे ओरडणं नाही, हे नव्या गायकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावं. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. खालून पोटाचा सावकाश, सलग दाब आला की त्या घड्या थरथरतात. हा आवाज प्रत्यक्षात फार मोठा नसतो. तो मोठा भासतो तो माईकच्या जवळिकीमुळे आणि मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, दिलेल्या दाबामुळे. जो गायक स्टेजवर माईकची जाळी मुठीत दाबून धरायला शिकला आहे, त्याची इथे अडचण होते. मुठीमुळे माईकची दिशा बिघडते आणि मधला आवाज फुगतो, त्या फुगवट्यावरच त्याची सवय उभी असते. स्टँडवरच्या माईकसमोर स्वतःचा खरा आवाज ऐकला की तो दचकतो आणि जोर लावायला लागतो. म्हणून किमान दोन आठवडे आधीपासून सराव स्टँडवरच करायचा.

खर्रा, तर्री आणि घसा

विदर्भात हे वेगळं सांगावंच लागतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळणाऱ्याच्या गालाच्या आतली कातडी सुपारीमुळे हळूहळू ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घालून पाहा. तीन जात नसतील तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे जा. हा प्रश्न अल्बमपुरता नाही, यातून पुढे कॅन्सरही होतो. तोंड नीट उघडत नसेल तर खर्जातला 'ओ' बाहेरच पडत नाही, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तो भरून काढत नाही.

सेशनच्या आदल्या रात्री तर्रीचा रस्सा, ठेचा, उशिराचं जेवण टाळा. झोपेत पित्त वर येतं, सकाळी घशात कफ चिकटलेला असतो आणि गायक सारखा खाकरत राहतो. खाकरल्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यापेक्षा एक घोट पाणी प्यावं. जेवण आणि पहिला टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) यांत दोन तास तरी असावेत.

शब्द मात्रांवर बसवणे

मराठीत लिहिणाऱ्यांना एक मोठी सोय आयती मिळालेली आहे: लघु-गुरु. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. सात-आठाच्या (७/८ मापाच्या) रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, सात कप्पे असतात, आणि ते कप्पे रिफच्या झटक्याप्रमाणे ३+४ किंवा ४+३ असे पडतात. 'राख उडते' घ्या. रा दोन, ख एक, उ एक, ड एक, ते दोन. बेरीज सात, फोड ३+४. रिफचा झटका ४+३ असेल तर शब्द फिरवा: 'उडते राख'. अर्थ तोच राहतो आणि प्रत्येक शब्द झटक्यावर पडतो. ओळ बसत नाही म्हणून गायक झगडत असतो, तेव्हा निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

यात एक बारकावा आहे. बोलताना 'राख'मधल्या ख चा अ गळून जातो. ग्रोलमध्ये तो अ ओढून म्हणायला गेलं तर ओळ बाळबोध वाटते. तिसऱ्या कप्प्यात फक्त ख चा फुत्कार ठेवा, पण तो फुत्कार बरोबर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) पडू द्या. ट, ठ, ड, ढ, ख, घ ही व्यंजनं ग्रोलमधून चांगली फुटून बाहेर येतात. स, श, म, न गिटारखाली बुडतात. वेगाच्या जागी टवर्गाचे शब्द निवडा, आणि लांब धरायच्या जागी आ किंवा ओ ने संपणारे. भ आणि फ माईकवर हवेचा धक्का देतात, ते ओळीच्या सुरुवातीला कमी वापरा.

दम कुठे घ्यायचा ते कागदावर उभी रेघ मारून ठरवा. भजनी मंडळात समेवर येताना दम राखून ठेवतात, तसंच इथे. रिफ फिरून पहिल्या ठोक्यावर येतो तिथे गायकाच्या पोटात हवा असली पाहिजे. ती जागा नसेल तर आधीचा एक शब्द गाळा.

खोली आणि हंगाम

जुन्या घराची जाड मातीची भिंत आणि वर कवेलू असलेली खोली मिळाली तर तीच घ्या. भिंत ओबडधोबड असल्याने आवाज एका दिशेने परत येत नाही. नव्या स्लॅबच्या घरातली दहा बाय दहाची, गुळगुळीत गिलाव्याची खोली सगळ्यात वाईट. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असलं की ५६, ११२, १६८ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने ही घुमी दुप्पट होते, आणि ग्रोलचा जडपणा नेमका तिथेच असतो. दुसरी खोली नसेल तर निदान मध्यभागी उभे राहू नका, एका भिंतीपासून तिसऱ्या हिश्शावर उभे राहा. स्वयंपाकघरातल्या डब्यांची फळी त्या खोलीत असेल तर डबे आधी हलवा, खर्जाच्या आवाजाला झाकणं खणखणतात.

दोन बाजा (खाटा) उभ्या करून त्यांवर कापसाच्या गाद्या टाका. चार इंची, घट्ट भरलेल्या तीन गाद्या आणि दोन जाड रजया लागतात. बहुतेक जण गादी माईकच्या मागे लावतात आणि गायकाची पाठ उघडी भिंत राहते. माईक ऐकतो गायकाच्या दिशेने, म्हणून पहिली गादी गायकाच्या पाठीमागे हवी. उरलेल्या दोन डावी-उजवीकडे, कोन करून. भिंत आणि गादी यांच्यात चार ते सहा इंच पोकळी ठेवा, त्याने खालचा आवाजही थोडा शोषला जातो. दोन्ही बाजांच्या माथ्यावर रजई आडवी टाका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्यात पैसे आणि वेळ घालवू नका, ते खर्ज अजिबात शोषत नाहीत. टाळी वाजवा. 'टर्र' असा लागोपाठ आवाज आला तर अजून एखादी भिंत उघडी आहे.

वेचणीनंतर घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी रेकॉर्डिंग चांगलं होईल असं वाटतं, कारण खोली अगदी मुकी होते. पण तिथे जाऊ नका. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, बारीक तंतू घशात जातात, आणि विजेची वायर व उघडा कापूस एका खोलीत ठेवणं आगीला बोलावणं आहे. गादीत शिवलेला कापूस वापरा आणि वायर त्यापासून दूर ठेवा.

हंगाम निवडताना गावाचं वेळापत्रक बघावं. पावसाळ्यात टिनावरचा पाऊस आणि बेडकं असतात. पावसानंतरच्या रात्री रातकिडे ओरडतात, त्यांचा आवाज चार-पाच हजार हर्ट्झच्या घरात असतो, म्हणजे व्यंजनांच्या जागीच. तो नंतर गाळता येत नाही. सोयाबीन निघताना थ्रेशर असतो, कार्तिकात पहाटे काकडा, लग्नसराईत डीजे. काही गावांत संध्याकाळी भोंग्यावर सामुदायिक प्रार्थना होते, तो अर्धा तास विश्रांतीला ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ सर्वांत बरी. मे महिन्यात करायचंच असेल तर ४५ अंशांच्या कोरड्या हवेत घसा पंधरा मिनिटांत सुकतो. कूलर टेकच्या आधी वीस मिनिटं चालवा. त्याने खोली गार होते आणि हवेत ओलावा येतो. मग बंद करून तीन-चार टेक घ्या, पुन्हा चालवा. पंखाही टेकला बंद.

लाईन

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की मोटारींमुळे व्होल्टेज खाली-वर होतं. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर काढून ठेवा आणि इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) युएसबीवर चालणारा घ्या. बॅटरीवर काम केलं की अर्थिंग नसलेल्या घरातली घरघर बहुतेक निघून जाते. तरी ५० किंवा १०० हर्ट्झची गुंजन ऐकू आली तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी बल्ब आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर एकेक करून बंद करा. साईन वेव्ह इन्व्हर्टरने हा त्रास सहसा होत नाही. प्रत्येक टेकनंतर सेव्ह करा.

माईक, पातळी, हेडफोन

डायनॅमिक माईकच घ्या. कंडेन्सर जातीचा नाजूक कानांचा माईक शेजारच्या आवारातली कोंबडीही पकडतो. शुअर एसएम५८ किंवा एसएम५७ ने अल्बम होतो. एसएम७बी चांगला, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन (आवाजाची वाढ) लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथे सुंईसुंई करतो. माईक तोंडापासून चार बोटं ते अर्धी वीत, किंचित तिरपा, हनुवटीच्या बाजूने वर बघणारा. पॉप फिल्टर (हवेचा धक्का अडवणारी जाळी) नसेल तर तारेच्या गोल कड्यावर नायलॉनचा मोजा ताणून दोन बोटं पुढे बांधा.

रेकॉर्डिंगचा दर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ड्रम-गिटार नागपूरला किंवा पुण्याला रेकॉर्ड झाले असतील तर तिथलाच दर ठेवा, आणि सगळ्या फाईली गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या मागवा. सोबत टेम्पोचा नकाशा (वेग आणि माप कुठे बदलतं ते) मिडी फाईलमध्ये मागायला विसरू नका. तो नसेल तर ७/८ वरून ५/४ वर जाताना क्लिक चुकते आणि दोष गायकाच्या माथी येतो. सर्वांत जोरकस शब्दाला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहू द्या. रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज सारखे करणारा) किंवा गेट (हळू आवाज गाळणारा) लावू नका.

हेडफोन बंद कपांचा हवा. क्लिक थोडी वर, ड्रम, एकच गिटार, आणि गायकाचा स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे लॅपटॉपमधून न फिरता थेट. गिटारची भिंत कानात जोरात दिली की गायक तिच्याशी भांडतो आणि अर्ध्या तासात दमतो. एक कान अर्धा उघडा ठेवल्याने ज्यांना बरं वाटतं त्यांनी तसं करावं, फक्त क्लिक माईकमध्ये गळत नाही ना ते तपासा.

सेशनचा दिवस

सुरुवातीला पंधरा मिनिटं घसा उघडणं. ग्लासात दोन-तीन बोटं पाणी घेऊन स्ट्रॉमधून गुंजन करत बुडबुडे काढा, पाच मिनिटं. मग ओठ फडफडवत खालून वर, वरून खाली सूर न्या. मग तोंड मिटून गुणगुण. शेवटी अगदी हलका ग्रोल, बोलण्याच्या आवाजाएवढाच.

यानंतर रोज तीच एक चाचणी ओळ रेकॉर्ड करा, त्याच जागी उभं राहून, त्याच गेनवर. पहिल्या दिवशीच्या ओळीशी ती लागोपाठ ऐका. रंग वेगळा असेल तर माईकचं अंतर, गादी, कूलरचा ओलावा तपासा. सगळं ठीक असूनही आवाज पातळ किंवा खरखरीत येत असेल तर घसा थकलेला आहे, त्या दिवशी सुट्टी. ही ओळ टाळली की पाचव्या आणि सहाव्या गाण्यातला फरक मिक्समध्ये सापडतो, आणि तेव्हा इलाज नसतो.

काम वीस मिनिटं, विश्रांती दहा मिनिटं. विश्रांतीत बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. प्रत्यक्ष ग्रोल करण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत ठेवा. दिवसाला एक गाणं, दोन दिवसांनंतर एक दिवस पूर्ण मौन, असं धरलं तर नऊ गाण्यांना तेरा दिवस लागतात. हे तेरा दिवस कुणीही कमी करू नयेत. दिवसातही क्रम असतो: आधी वेगवान ओळी, मग मधल्या, वरचे चिरके लांब आवाज सगळ्यात शेवटी, कारण ते घेतल्यावर खर्ज परत येत नाही. दुखलं, जळजळलं, तोंडात रक्ताची चव आली तर लगेच थांबा. सेशननंतर हळू आवाजात वरच्या पट्टीतला 'ऊ' म्हणून पाहा. तो फुटत असेल तर स्वरतंतूंना सूज आहे, दुसऱ्या दिवशी काम नाही. दोन आठवड्यांनंतरही घसा बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने तपासून घ्या.

एक ओळ तीन ते पाच टेकांत घ्या. सहावा टेक सहसा दुसऱ्यापेक्षा वाईट असतो. ओळ चुकली तर शब्दाच्या मधून जोडू नका, आधीच्या दमापासून म्हणवून घ्या, म्हणजे श्वास खरा राहतो.

डबल, कापाकापी आणि मिक्सला पाठवणे

सगळ्या ओळी डबल केल्या, म्हणजे दोनदा म्हणवून एकावर एक ठेवल्या की आवाज जाड होतो हा समज वेगवान गाण्यांत उलटा पडतो. २४० ला एका अक्षराला १२५ मिलिसेकंद मिळतात. दुसरा टेक ३० मिलिसेकंदांनी सरकला तरी जवळपास पाव अक्षर पुसलं गेलं. डबल फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दाला आणि लांब धरलेल्या जागांना करा. तिथे खर्जाखाली एक चिरका थर थोडा डाव्या किंवा उजव्या बाजूला सरकवून (पॅन करून) ठेवला की ओळ उघडते. बाकी सगळीकडे एकच टेक, स्वच्छ. वेळेत बसवताना व्यंजनाची सुरुवात क्लिकशी जुळवा, स्वर ताणू नका. ताणलेल्या ग्रोलमध्ये पाण्यासारखी गुळगुळ ऐकू येते. जोडावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक टेक विरत दुसरा येणं) पुरे.

मिक्सची कच्ची दिशा एवढीच: ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, २५० ते ४०० मधला चिखल थोडा काढा, व्यंजनांसाठी २ ते ४ हजारांत जागा करा, आणि ती जागा गिटारमधूनही दीड-दोन डेसिबल मोकळी करा. कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ५ ते १० मिलिसेकंद ठेवा, त्याहून जलद ठेवला तर ट आणि ख चे टोक बोथट होतात.

मिक्स करणाऱ्याला प्रभाव न लावलेल्या वेव्ह फाईली पाठवा, गाण्याचं नाव आणि थराचं नाव देऊन. ४८/२४ मोनोची एक मिनिट जवळपास साडेआठ एमबी होते. चार मिनिटांच्या गाण्याचे आठ थर पावणेतीनशे एमबीच्या आसपास जातात. गावात नेट रात्री अकरानंतर जरा मोकळं असतं तेव्हा एकेक गाणं चढवा. दोन वेगळ्या पेन ड्राईव्हवर प्रत ठेवा, एक शेजारच्या घरी.

मिक्सवाल्याचं उत्तर येईपर्यंत बाजा मोडू नका. 'तिसऱ्या गाण्यातली दुसरी ओळ पुन्हा पाठवा' असा निरोप हमखास येतो. घरच्यांना खोली रिकामी हवी असेल तर माईक स्टँडचे पाय, गायकाची दोन्ही पावलं आणि प्रत्येक बाजेचे कोपरे जमिनीवर चुन्याने आखून ठेवा, गेनच्या नॉबवर पेनने खूण करा, आणि कुठली गादी कुठे होती ते मोबाईलने टिपून ठेवा.